स्पीकरमधली टिरटिर

९ जानेवारी

ठरलं एकदाचं. गाडीतली गाणी आता माणसांनी गायल्यासारखी वाजली पाहिजेत.

सध्या गाणारी बाई पत्र्याच्या पिंपात बसून, नाकाला चिमटा लावून गाते. गाडीबरोबर जे स्पीकर आले तेच अजून दारांत आहेत, आणि आवाज जरा वाढवला की दाराचं प्लास्टिकच थरथरत साथ देतं. दुसऱ्या कुणाला चाललं असतं. मी दिवसभर या गाडीत असते. एका दातांच्या दवाखान्यातून दुसऱ्यात, मागच्या सीटवर ड्रिलच्या पेट्या आणि नमुन्याचे प्लास्टिकचे जबडे. इथेच डबा खाते, इथेच रडून घेते, इथेच काचा वर करून गळा काढून गाते. आणि टिटवीशी तासन्‌तास बोलते. टिटवी म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण. आवाज इतका चिरका की फोन स्पीकरवर टाकला की जबडेसुद्धा हसतायत असं वाटतं.

बाबांना सांगितलं तर त्यांनी चहाचा कप खालीच ठेवला. "कशाला फॅक्टरीच्या वायरिंगला हात लावायचा? चांगली चाललीय गाडी."

"गाडी चांगलीच चाललीय बाबा. गाणी चालत नाहीत."

"मी हेडफोन आणून देतो तुला."

गाडी चालवताना हेडफोन! जन्मभर बसडेपोच्या कंट्रोल रूममध्ये बसलेला माणूस हे म्हणतो. मी हसत सुटले. ते हसले नाहीत. त्यांचा जीव आहे त्या गाडीवर. आई गेल्यावर त्यांनीच ती माझ्यासाठी शोधली, जुनी पण नीट वापरलेली, आणि डेपोतल्या त्यांच्या इलेक्ट्रिशियनकडून किरकोळ कामं करून घेऊन मगच किल्ली माझ्या हातात दिली.

१८ जानेवारी

पहिला टप्पा पार पडला. पुढच्या दारांत नवे स्पीकर.

ज्याच्याकडे काम दिलंय त्याला त्या गल्लीत सगळे उस्ताद म्हणतात. मीही तेच म्हणते. दाराचं आतलं पॅनेल उघडल्यावर त्याने मला बोलावून दाखवलं, आत नुसता पोकळ पत्रा. "ताई, हा पत्रा म्हणजे ढोल. आधी याला गप्प करू." मग त्याने काळे, चिकट, जाड पट्टे आतून दाबून दाबून चिकटवले. नंतर दार लावलं तर 'खण्ण' ऐवजी 'धप्प' असा आवाज आला. महागड्या गाडीसारखा! मी पाच-सहा वेळा नुसतं दार लावून पाहिलं.

आणि गाणं! ओळ सुरू करण्याआधी ती बाई श्वास घेते, हे मला आज कळलं. इतकी वर्षं हे गाणं ऐकतेय आणि तो श्वास कधी ऐकूच आला नव्हता. मी चक्क गाडी बाजूला घेऊन थांबले.

घरी पोचले तर चहा कपात ओतलेला, वाफाळता. बाबांचं हे नेहमीचंच. मी कधीही, वेळी-अवेळी आले तरी किल्ली दारात घालते तेव्हा चहाला नुकती उकळी आलेली असते. टिटवी म्हणते, तुझ्या बाबांना माहेरवाशिणीच्या आईचं काळीज दिलंय देवाने.

२ फेब्रुवारी

बाबा म्हणाले, "गाणी एवढ्या मोठ्यांदा लावत जाऊ नकोस. काही ऐकू येत नाही."

"कुणाला ऐकू येत नाही?"

"तुला. मागून हॉर्न वाजला तर?"

बरोबर आहे. पण यांना घरबसल्या कळलं कसं? शेजारच्या बाईंनी चुगली केली असणार. बाबा हल्ली दिवसभर कानात इअरफोन घालून बातम्या ऐकत असतात, त्यांच्याच कानांची मला काळजी वाटते.

११ फेब्रुवारी

हाडवैद्याला गाडीत बसवून नवे स्पीकर ऐकवले. (हाडवैद्य म्हटलेलं त्याला मुळीच आवडत नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणावं. इतका लांब शब्द प्रेमात कोण वापरतं?)

डोळे मिटून त्याने गाणं संपेपर्यंत ऐकलं. मग त्याच्या दवाखान्यातल्या गमती सांगत बसला. सध्या एक गुडघेकाका येतात त्याच्याकडे. डाव्या गुडघ्यासाठी आले होते, मागच्या वेळी उजवा दाखवला. दुखतं कुठे म्हणून विचारलं तर म्हणाले, इकडेतिकडे. व्यायाम सांगितला की मान डोलावतात आणि मग याच्याच चौकशा करतात. मूळ गाव कुठलं, रागीट आहात का, मुलीला शाळेत कोण सोडतं. "एकटे असतील बिचारे," तो म्हणाला. "बोलायला कुणी नसेल. मीही बोलतो मग."

मला इतकं हसू आलं की स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

तो उतरून गेल्यावर टिटवीला फोन केला. ती म्हणाली, आता तरी बाबांना सांग. मी म्हटलं, कोणत्या तोंडाने? घटस्फोट झालेला, सात वर्षांची मुलगी असलेला जावई. बाबा तोंडाने काही बोलायचे नाहीत, पण जेवण सोडतील. आणि दर रविवारी ते स्थळांचं बोलायला लागले की मला गाडी काढून कुठेतरी निघून जावंसं वाटतं, असंही मी तिला म्हणाले.

१९ फेब्रुवारी

थक्क झालेय. लिहून ठेवते, नाहीतर उद्या स्वप्न वाटेल.

सकाळी अंडी सोलता सोलता बाबा म्हणाले, "हल्ली घटस्फोट होतात. त्यात वाईट काही नाही. चांगल्या माणसांचेही होतात."

माझ्या हातातलं अंडं बशीत पडलं. "कुणाचा झाला?"

"कुणाचा नाही. आपलं म्हटलं."

आणि गेल्या रविवारी स्थळांचा विषयच नाही! न सांगता, न भांडता माझ्या मनातलं ओळखतो हा माणूस. टिटवीला सांगितलं तर ती फोनवर रडली. म्हणाली, माझ्या बाबांना मी पायऱ्यांवरून पडले होते तेही तीन महिन्यांनी कळलं.

४ मार्च

दुसरा टप्पा. ड्रायव्हरच्या सीटखाली अॅम्प्लिफायर बसला आणि डिकीत एक बेसची पेटी. उस्ताद म्हणाला, स्पीकर चांगले आहेत पण त्यांना खायला मिळत नव्हतं, आता मिळेल. खरंच मिळालं. ढोलकीची थाप पाठीच्या मणक्यातून वर चढते.

पण एक भानगड झालीय. मधूनच स्पीकरमधून टिरटिर येते. टिर्र-टिक-टिक-टिक, टिर्रर्र. जुन्या काळी रेडिओजवळ मोबाईल ठेवला की यायची तशी. मग आपोआप थांबते. इतकं सगळं करून वर ही कटकट.

९ मार्च

उस्तादकडे तिसरी फेरी. त्याने अर्थिंग बदललं, वायरी दुसरीकडून ओढल्या, माझा फोन दुकानाबाहेर स्टुलावर नेऊन ठेवला. टिरटिर आहेच. गंमत म्हणजे ती कशीही येत नाही. गाडी सुरू करून जरा पुढे गेले की येते. कुठे थांबले की येते. आणि परवा हाडवैद्य शेजारी बसलेला असताना तर अर्धा तास थांबून थांबून येत होती.

"ताई, गाडीत दुसरा मोबाईल आहे का?"

"ऑफिसचा आहे. तो बंद आहे."

"मग तिसरा?"

मी म्हटलं, मी दातांची सामग्री विकते, मोबाईल नाही. तो हसला नाही. डॅशबोर्डवर बोटाने टकटक करत राहिला. पुढच्या टप्प्यात मूळचा स्टिरिओ काढून नवा बसवायचाच आहे, तेव्हा आत बघू म्हणाला.

घरी बाबांना टिरटिरीचं सांगितलं. ते लगेच म्हणाले, "मग काढून टाक सगळं. होतं तसं कर." इतकी घाई कशाला?

२१ मार्च

अक्षर वेडंवाकडं येतंय.

दुपारी उस्तादने डॅशबोर्ड उघडला. मी बाहेर उभी राहून सँडविच खात होते. त्याने हाक मारली नाही, स्वतः बाहेर आला, हात पुसले आणि हळूच म्हणाला, "ताई, जरा आत या. हे तुमचं आहे का?"

स्टिरिओ काढून जी खोबण उरते, तिच्या तळाशी काड्यापेटीएवढी काळी डबी, चिकटपट्टीने घट्ट बांधलेली. तिच्यातून एक वायर गाडीच्या बॅटरीच्या लाइनला. आणि दुसरी, केसासारखी बारीक वायर काचेच्या खांबातून वर, छताच्या दिव्यापर्यंत. उस्तादने दिव्याचं झाकण काढलं. आत तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी.

"हा माईक आहे," तो म्हणाला.

मला खरंच कळलं नाही. मी म्हटलं, "कशासाठी?"

"गाडी कुठे आहे ते ही डबी कळवते. आणि आतल्या सिमच्या नंबरावर कुणी फोन लावला तर ती न वाजता उचलते. मग गाडीतलं बोलणं त्याला ऐकू येतं. टिरटिर त्याचीच होती. अॅम्प्लिफायर बसेपर्यंत ती बारीक होती, म्हणून कळत नव्हती."

सँडविच माझ्या हातातच होतं. मी ते नीट कागदात गुंडाळलं, पर्समध्ये ठेवलं. का ठेवलं? मग दुकानाच्या पायरीवर बसले.

गाडीत मी काय काय बोललेय! काय काय केलंय! आईच्या आठवणीने हंबरडा फोडलाय. साहेबांच्या नकला केल्यात. हाडवैद्याला पहिल्यांदा जे सांगितलं ते याच छताच्या दिव्याखाली सांगितलं. ते सगळं कुणीतरी ऐकत होतं. कुठेतरी बसून. कदाचित जेवता जेवता.

उस्तादने डबी काढून, सिमसकट, एका पाकिटात घालून दिली. "कुणी लावली असेल?" मी विचारलं. तो म्हणाला, "ते मला नाही सांगता येणार. पण बसवणाऱ्याचा हात साफ आहे. घाईत केलेलं काम नाही."

त्याच दिवशी, संध्याकाळी

बाबांना सांगितलं. ते माझ्यापेक्षा जास्त हादरले. काय आहे, कसलं आहे, काहीच विचारलं नाही, नुसते खुर्चीत बसले. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, यांनाच काहीतरी होतंय. पाणी दिलं.

"डबी कुठाय?" म्हणाले.

"पर्समध्ये."

"दे इकडे. फेकून देतो. घरात नको असलं काही."

"फेकायची कशी? पोलिसांत द्यायचीय."

"नको. पोलीस नको," ते म्हणाले. "तुझंच नाव चारचौघांत खराब होईल."

माझ्यासाठी केवढी काळजी. मला भरून आलं. डबी मात्र दिली नाही.

२३ मार्च

कंपनीनेच लावली असणार. दुसरं कोण? आम्ही दिवसभर कुठे फिरतो यावर साहेबांचा डोळा असतोच. आज सगळ्यांसमोर मी पाकीट त्यांच्या टेबलावर आपटलं. काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण "लाज वाटत नाही का" हे नक्की बोलले. साहेब आधी गोंधळले, मग लाल झाले, मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "मला दोन मुली आहेत. तुला मी असा वाटतो?"

मी पाकीट उचलून निघून आले. ते नाहीत. ते असू शकत नाहीत, हे त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळलं. मग कोण?

बाबांनी आज पुन्हा डबी मागितली.

२५ मार्च

हे मी टिटवीच्या घरी, तिच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. सकाळ आहे. काय झालं ते क्रमाने लिहायचं, असं तिने बजावलंय.

काल जेवणाच्या सुट्टीत गाडी एका दवाखान्याबाहेर उभी केली. टिटवीने सुचवलं होतं की सिम काढून ऑफिसच्या फोनमध्ये घाल आणि स्वतःला फोन लाव, निदान नंबर तरी कळेल. मी तसं केलं. ऑफिसच्या फोनवर माझा नंबर दाबला.

माझा फोन वाजला. पडद्यावर अक्षरं आली.

आई.

खाली आईचा फोटो. मीच काढलेला, हसताना डोळे बारीक झालेले.

फोन वाजत राहिला आणि मी त्याच्याकडे बघत राहिले. माझ्या एका हातातल्या फोनवरून आई मला बोलावत होती आणि दुसऱ्या हातात ती वाजत होती. उचलावा असं वाटलं. खरंच वाटलं. मग तो आपोआप बंद झाला.

आईचा नंबर बंद केला, असं तीन वर्षांपूर्वी बाबांनी सांगितलं होतं. तिचा फोन, तिचं सिम, सगळं त्यांच्याकडे होतं. त्यांच्याचकडे.

तिथून पुढचं एकेक आपोआप येऊन बसत गेलं. उकळी आलेला चहा. मोठ्यांदा गाणी. रविवार. घटस्फोट.

घरी गेले. भरदुपारी. बाबा बाल्कनीत होते, कानात इअरफोन, पण आता त्यातून काय ऐकत असणार? मी फोन त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी नाही म्हटलं नाही. याचाही मला धक्का बसला. मला वाटलं होतं, निदान खोटं तरी बोलतील.

"किती दिवसांपासून?"

"गाडी घेतल्यापासून."

"का?"

ते आईबद्दल बोलायला लागले. आई दवाखान्यात जायला निघाली आणि बसस्टॉपच्या बाकावर कोसळली, हे मला माहीत आहे. कुणीतरी तिची पर्स नेली, त्यामुळे ती कोण हे कुणालाच कळेना, हेही माहीत आहे. (पर्स फोनसकट दोन दिवसांनी पोलिसांनी आणून दिली.) बाबा घरी बसून फोन लावत राहिले. रिंग जायची. "शहरातल्या प्रत्येक बसचा ठावठिकाणा मला असायचा," ते म्हणाले. "आणि माझी बायको कुठे आहे ते मला सांगता येत नव्हतं. तुझं तसं होऊ द्यायचं नव्हतं."

"मग गाडी कुठे आहे ते बघायचं. ऐकायचं कशाला?"

"आधी नुसतं बघायचो. एकदा चुकून ऐकलं. तू गात होतीस." मग म्हणाले, "घरी गात नाहीस तू."

"आईचा नंबर का?"

"बंद करायला गेलो होतो. दुकानातून तसाच परत आलो. डबीला सिम लागणार होतं, घरात ते होतं." त्यांनी बाल्कनीच्या कठड्याकडे बघितलं. "तिचा नंबर लावला की लागायचा. तिकडून कुणीतरी उचलायचं. मग तुझा आवाज यायचा."

त्या क्षणी मी विरघळले असते. पण मग मला घटस्फोटाचं वाक्य आठवलं आणि अंगाची आग झाली. मी ओरडले. तुम्हाला माझं मन कळतं म्हणून मी जगाला सांगत फिरले. कळत नव्हतं तुम्हाला, तुम्ही ऐकत होतात! स्थळांचं बोलणं सोडलंत तेही मी गाडीत टिटवीशी बोलले म्हणून. जे जे चांगलं वागलात ते सगळं चोरून आणलेलं होतं.

"तुला हवं होतं तसं वागलो," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला तसं वाटत नव्हतं?"

"पहिल्यांदा नव्हतं वाटत. नंतर वाटायला लागलं." मग माझी समजूत घालावी तसे म्हणाले, "मुलगा चांगला आहे. हात हलका आहे त्याचा."

"तुम्हाला काय माहीत त्याचा हात?"

बाबांनी खाली, स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं.

मी कपड्यांची बॅग भरली. ते दारापर्यंत आले. कुठे जातेस, असं तोंडापर्यंत आलेलं त्यांनी गिळलं, ते मला दिसलं.

३० मार्च

हाडवैद्याला सांगणं सगळ्यात अवघड होतं. बागेतल्या बाकावर बसून सांगितलं, गाडीत नाही. फोनवर बाबांचा फोटो दाखवला.

"गुडघेकाका?" तो म्हणाला आणि फसकन हसला. मग हसू चेहऱ्यावरच राहिलं आणि डोळे बदलले.

"मी त्यांना सगळं सांगितलं," तो म्हणाला. "माझं लग्न का मोडलं ते. मी तुलाही अजून सांगितलेलं नाही. मला वाटलं, अनोळखी म्हातारा आहे, ऐकून घेतो. आपल्यालाही हलकं वाटतं."

माझ्या बापाला त्याच्याविषयी माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हे वाक्य लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

शेवटी तो म्हणाला, "मला तुझा राग नाही आलेला. पण थोडे दिवस जाऊ देत." त्याला मुलीला शाळेतून आणायचं होतं. गेला. वळून हात केला, एवढं केलं.

साहेबांची माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण आता कामाचं बोलताना माझ्याकडे न बघता जबड्यांकडे बघून बोलतात.

१४ एप्रिल

काम अर्धवट ठेवायचं नाही, असं ठरवलं. एक बारीकशी खोली भाड्याने घेतलीय, तिथून पहिल्यांदा उस्तादकडे गेले. नवा स्टिरिओ बसला होता. राहिला होता शेवटचा टप्पा. कोणत्या स्पीकरचा आवाज कानाशी कधी पोचतो ते मोजून सगळे सूर जुळवायचे.

त्याने खणातून एक लांब दांडी काढली आणि माझ्या सीटवर, डोकं असतं तिथे उभी केली. टोकाला माईक.

मी किंचाळले. शब्दशः. शेजारच्या टायरच्या दुकानातला माणूस पाना हातात घेऊन धावत आला.

उस्तादने पटकन ती दांडी खणात टाकली, खण पायाने ढकलला. "कानाने करू ताई. वेळ लागेल, पण होईल." आणि खरंच, तो माझ्या सीटवर बसून डोळे मिटून ऐकत राहिला, एकेक आकडा पुढे-मागे करत. छताचा दिवा त्याने आधीच बदलून टाकला होता. नव्याचं झाकण पारदर्शक आहे. आत काय आहे ते दिसतं. काहीही नाही.

गाणं आता समोरून येतं. काचेच्या पलीकडे, बॉनेटवर, अगदी मधोमध ती बाई उभी आहे असं वाटतं. इतकं सुंदर वाजतंय. मला एक शब्द गाता आला नाही.

२७ एप्रिल

हाडवैद्याचा फोन आला. "भेटूया का? तुला काही सांगायचंय. तुझ्या बाबांना आधी सांगून बसलो ते." म्हटलं, हो. पुढचं इथे लिहीत नाही. ते त्याचं आहे.

४ मे

राहिलेले कपडे न्यायला घरी गेले. कळवून गेले. बाबांनी कपड्यांच्या घड्या घालून पिशव्या भरून ठेवल्या होत्या. त्या उचलून खाली आणून दिल्या, डिकीत बेसच्या पेटीला लागणार नाहीत अशा ठेवल्या. वाळलेत. दाढी वाढलीय.

मी गाडीत बसले. ते खिडकीशी उभे राहिले.

"जरा वेळ आत बसू?"

मी पलीकडचं दार उघडलं. ते बसले. हात मांडीवर, कशालाही स्पर्श होणार नाही असे, परक्याच्या घरात बसावं तसे. छताकडे त्यांनी बघितलं नाही.

"लाव ना काहीतरी."

लावलं. ते ऐकत राहिले. दोन कडव्यांच्या मध्ये म्हणाले, "तो कसा आहे?"

"नाही सांगणार."

"बरं." मग, "विचारलेलं चालेल ना पण?"

"विचारलेलं चालेल."

"खोली हवेशीर आहे का?"

"नाही सांगणार."

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, आता उतरतील. मीही चावीला हात लावला होता. पण ते समोरच्या काचेकडे बघत, मला नाही तर गाण्याला सांगावं तसे बोलायला लागले. म्हणाले, परवा मी पलंग विकला. मी विचारलं, कोणता? आमचा, म्हणाले, आईचा नि माझा. वापरात नव्हताच.

"वापरात नव्हता म्हणजे? मग झोपता कुठे?"

"खाली. सतरंजीवर. ती गेल्यापासून त्याच्यावर झोपलोच नाही. सकाळी तू उठायच्या आत गुंडाळून ठेवायचो."

आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत आहे. होती. तीन वर्षं मी त्या भिंतीच्या या बाजूला झोपत होते.

"कधी बोलला नाहीत."

"तू विचारलं नाहीस," ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात, नुसतं सांगितलं. मग पुढे काहीतरी म्हणाले ते ढोलकीत बुडालं.

"काय म्हणालात?"

"काही नाही, आपलं उगीच."

मी गाणं बंद केलं. "नाही, सांगा," म्हटलं.